एकतिसाव्या प्रश्नावरचं खोडलेलं उत्तर

शिरपूर तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गापासून हाकेच्या अंतरावरच्या एका गावातला हा मुलगा. वय 11 वर्षं, इयत्ता सहावी. घरी अहिराणी, शाळेत मराठी. वडील ट्रकवर ड्रायव्हर, आई निंदणी-वेचणीला मजुरीने जाते, घरात आजी आणि लहान बहीण. मी या पट्ट्यातल्या काही शाळांमध्ये समुपदेशक म्हणून जाते. आई-वडिलांच्या परवानगीने लिहिते आहे आणि मुलाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तक्रार साधी होती. शाळा सुरू झाल्यापासून जुलैअखेरपर्यंत 14 दिवस गैरहजर, आणि दर वेळी कारण एकच: पोट दुखतं. जंताचं औषध झालं होतं. शिरपूरला सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही. आजीने दोनदा मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या होत्या. वर्गशिक्षिका वैतागलेल्या होत्या, पण पोराबद्दल त्यांना माया होती. त्यांनीच मला सांगितलं, "मॅडम, हा हुशार आहे हो, पण सकाळ झाली की याचं पोट दुखतं आणि अकरा वाजता गल्लीत सायकल फिरवताना दिसतो."

त्याच आठवड्यात मी सहावीच्या वर्गाची चिंतेची चाचणी घेणार होते. म्हटलं, यात तोही येईलच.

पहिला कागद

प्रश्नावली होती 'स्केअर्ड'. अमेरिकेत पिट्सबर्गला बोरिस बिर्माहेर आणि सहकाऱ्यांनी ती तयार केली. 1997 मध्ये ती 38 प्रश्नांची होती, 1999 मध्ये 41 प्रश्नांची झाली. ती 8 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी आहे. प्रत्येक वाक्यापुढे तीन रकाने असतात: खरं नाही, कधीकधी खरं, बहुतेक वेळा खरं. त्यांचे गुण 0, 1, 2. मुलाने गेल्या तीन महिन्यांचा विचार करून खूण करायची. एकूण बेरीज 25 किंवा त्याहून जास्त आली, तर चिंतेचा विकार असू शकतो असं समजून पुढची तपासणी करायची. 30 च्या वर गेली तर ती शक्यता आणखी ठळक. आत पाच गट आहेत: घाबरल्यावर शरीरात होणाऱ्या गोष्टी, सर्वसाधारण चिंता, आई-वडिलांपासून दूर होण्याची भीती, चारचौघांत वाटणारी भीती आणि शाळा टाळणं. प्रत्येक गटाची स्वतःची सीमारेषा आहे. पालकांसाठी याच प्रश्नांचा वेगळा कागद असतो. प्रश्नावली मोफत मिळते, म्हणून आमच्यासारख्यांच्या हातात तीच जास्त असते.

माझ्याकडचं मराठी भाषांतर झेरॉक्सवरून झेरॉक्स होत आलेलं होतं. कोणी केलं, कुठे तपासलं, काही लिहिलेलं नव्हतं. मी तेव्हा विचारलंही नाही.

वर्गात 34 मुलं, एका बाकावर दोघं-तिघं. मी फळ्यावर एक प्रश्न सोडवून दाखवला आणि कागद वाटले. पहिल्या पाच मिनिटांत मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, बरोबर उत्तर कोणतं?" 'खरं' आणि 'खरं नाही' हे शब्द मुलांनी आजवर 'चूक की बरोबर ते सांगा' या प्रश्नातच पाहिलेले. मी म्हटलं, यात चूक-बरोबर काही नसतं. पण बाई रांगांमधून फिरत होत्या, कागदाच्या वर नाव आणि हजेरी क्रमांक होता, आणि कागद गोळा करायला मॉनिटर येणार होता. अशा कागदाला मुलं परीक्षाच समजतात, मी तोंडाने काहीही म्हणाले तरी.

मुलाचे एकूण गुण आले 11. वर्गात त्याच्यापेक्षा कमी फक्त एका मुलीचे होते.

मी बाईंना सांगितलं की चिंतेचं काही दिसत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे नाटकच." मी त्या शब्दाला हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. पुढचे दोन आठवडे त्या आकड्याच्या जोरावर त्याला शाळेत ओढून आणलं गेलं. एकदा तो फाटकाशी ओकला. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं, कारण तो आकडा मी दिला होता.

आईचा कागद

ओकल्याचं कळल्यावर मी घरी गेले. आईला वाचायला थोडा त्रास होतो, म्हणून पालकांचा कागद मी वाचत गेले आणि ती उत्तरं देत गेली. बेरीज 34.

मुलाचे 11 आणि आईचे 34. असं झालं की पहिल्यांदा मनात येतं, दोघांपैकी एक चुकतंय. प्रत्यक्षात असा फरक नेहमीचा आहे. आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 119 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आणि मोठ्यांनी त्यांच्याबद्दल सांगितलेलं यांतला सहसंबंध (पूर्ण जुळलं तर 1, काहीच जुळलं नाही तर 0) सरासरी फक्त 0.22 निघाला. आई आणि वडील, म्हणजे सारख्या नात्याने मुलाला पाहणाऱ्यांमध्ये तो 0.60 होता. आईला दिसतं ते अंगाबाहेरचं: रडणं, चिकटून राहणं, जेवण टाकणं. आतली धडधड फक्त मुलालाच ठाऊक. म्हणूनच चिंतेच्या बाबतीत मुलाचा स्वतःचा कागद टाळता येत नाही. पण मग इथे मुलाचाच कागद रिकामा का?

घरी येऊन मी त्याचा कागद पुन्हा काढला. आधी फक्त बेरीज पाहिली होती, आता एकेक ओळ पाहिली. 31 व्या प्रश्नाशी थांबले. आई-वडिलांचं काही वाईट होईल अशी काळजी वाटते का, असा तो प्रश्न आहे. खूण 'खरं नाही'वर होती. पण 'बहुतेक वेळा खरं' या रकान्यात कागद खरवडलेला होता. दिव्यासमोर धरला तर तिथून उजेड आरपार येत होता. पोराने आधी तिथे खूण केली होती आणि मग ती खोडली होती, एकदा नाही, खोडरबर घासून घासून. बाकीच्या चाळीस प्रश्नांत कुठेही खाडाखोड नव्हती.

प्रश्न कळला होता, पण कसा?

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन मी शाळेच्या मागच्या कडुलिंबाखाली बसले. कागद, नाव, नंबर काही नाही. एकेक प्रश्न मी तोंडी विचारला, अडलं तिथे अहिराणीत. माझी अहिराणी माहेरची आहे, मोडकी नाही.

शाळा टाळण्याच्या गटात चारच प्रश्न आहेत. त्यातल्या अकराव्यात विचारलंय: शाळेत असताना पोट दुखतं का? त्याने वर्गात 'खरं नाही' लिहिलं होतं, आणि तेच खरं होतं. त्याचं पोट घरी दुखायचं, दप्तर उचलायच्या वेळेला. शाळेत तो पोचायचाच कुठे? त्याने प्रश्नाला अक्षरशः उत्तर दिलं होतं. मी मात्र त्याचा अर्थ 'पोटदुखीचा चिंतेशी संबंध नाही' असा लावला होता.

'गेले तीन महिने' हा दुसरा घोळ. जुलैत तीन महिने मागे गेलं की एप्रिलपर्यंत पोचतो, म्हणजे निम्मी सुट्टी. त्याच्या डोळ्यापुढे आमराई आणि मामाचं गाव येत होतं. अकरा वर्षांच्या मुलाला महिने मोजून आठवण काढता येत नाही, त्याला खुणेचा दगड लागतो. मी म्हटलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधले होते ना, तेव्हापासून आजपर्यंतचं सांग. आखाजी म्हटल्यावर त्याला बरोबर कळलं.

काही प्रश्न इथल्या घरांना लागूच पडत नाहीत. एकटं झोपायची काळजी वाटते का, या प्रश्नावर तो हसला. त्यांच्याकडे उन्हाळ्यात सगळं घर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपतं, पावसाळ्यात सगळे एका खोलीत ओळीने. एकटं झोपण्याचा प्रसंगच नाही, तर भीती असो वा नसो, उत्तर 'नाही' येणार. सातपुड्यातल्या आश्रमशाळांमध्ये याच्या उलट होतं. सहा वर्षांची असल्यापासून घराबाहेर झोपणाऱ्या मुलांना 'घराबाहेर झोपायची भीती वाटते का' विचारलं, तर उत्तरात विकार शोधायचा की घरची आठवण, हे आकडा सांगू शकत नाही.

पण सगळ्यात जास्त मला 'काळजी' या शब्दाने शिकवलं. इंग्रजीतल्या 'वरी' (worry) या एका शब्दासाठी भाषांतरात सगळीकडे 'काळजी' वापरलेला आहे. मराठीत काळजी वाटणं वेगळं आणि काळजी घेणं वेगळं, आणि दुसरं तर गुण आहे. याच वर्गातल्या एका मुलीचे 29 गुण आले होते. तिला बोलावून विचारलं तर म्हणाली, "काळजी तर करायलाच पाहिजे ना मॅडम, अभ्यासाची, घरच्यांची." तिने जिथे जिथे काळजी शब्द दिसला, तिथे शहाण्या मुलीसारखे पैकीच्या पैकी दिले होते. ती झोपते छान, जेवते छान, कबड्डी खेळते. एकाच शब्दाने तिला वर ढकललं होतं. चिंता हा शब्द तर मुलांना मोठ्यांचा वाटतो, कर्जाची चिंता, पोरीच्या लग्नाची चिंता. मुलं स्वतः बोलताना टेन्शन म्हणतात, भ्याव म्हणतात, पोटात गोळा येतो म्हणतात, जीव घाबरा होतो म्हणतात. प्रश्नावलीचं भाषांतर मराठीत करायचं आणि मग दुसऱ्याकडून ते परत इंग्रजीत करून ताडून पाहायचं, ही पद्धत ठीकच आहे. पण 'काळजी' हा शब्द या चाळणीतून सहज पार होतो, कारण परत भाषांतर करणारा त्याचा अर्थ बरोबर तोच लावतो. पाच-सहा मुलांना शेजारी बसवून 'या वाक्यातून तुला काय समजलं ते तुझ्या शब्दांत सांग' असं विचारल्याशिवाय तो अडकत नाही.

मग 31 वा प्रश्न. मी विचारलं, "पप्पाले काही हुई जाई, असा इचार तुन्हा मनमा येस का?"

तो गप्प. जमिनीवर काडीने रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, असं बोलायचं नसतं, वास्तू तथास्तु म्हणते.

घरात कोणी अभद्र बोललं की आजी हेच म्हणते. शुभ बोल नाऱ्या. पोराने खरं उत्तर लिहिलं आणि त्याच्या मनात आलं, वडिलांचं वाईट होईल असं आपण आपल्या हाताने लिहून देतोय. ते तिथे राहू देणं त्याला शक्यच नव्हतं. कोणाला फसवण्यासाठी त्याने खोडलं नव्हतं. कागदावर ती खूण राहिली असती, तर त्या रात्री तो झोपला नसता.

यापुढे त्याला बोलता यावं म्हणून मी हातवारे ठरवले. मूठ म्हणजे नाही, एक बोट म्हणजे कधीकधी, दोन बोटं म्हणजे बहुतेक वेळा. एकतिसाव्याला त्याने दोन बोटं वर केली आणि लगेच हात खाली घेतला.

तोंडी घेतलेल्या चाचणीत बेरीज 32 आली. दूर होण्याची भीती 8 (सीमारेषा 5), शारीरिक लक्षणं 10 (सीमारेषा 7), शाळा टाळणं 6 (सीमारेषा 3). सर्वसाधारण चिंता 5 आणि चारचौघांतली भीती 3, हे दोन्ही सीमारेषेच्या बरेच खाली. या रचनेवरून दिशा कळली. याला परीक्षेचं, मुलांच्या चिडवण्याचं किंवा बाईंचं भय नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मूळ इंग्रजी कागदाच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: 8 ते 11 वर्षांच्या मुलांना प्रश्न समजावून सांगावेत, किंवा शंका विचारता यावी म्हणून मोठ्या माणसाजवळ बसवून कागद भरून घ्यावा. माझ्या झेरॉक्समध्ये ती ओळ कापली गेली होती. ती मला माहीत असायला हवी होती. एका वर्गाला एका तासात उरकायचं म्हणून मी मुलांजवळ बसले नाही.

हजेरीपट आणि कालनिर्णय

प्रश्नावली किती विचारते, केव्हापासून आणि का हे विचारत नाही. ते माणसांनाच विचारावं लागतं.

मार्चमध्ये वडील कापसाच्या गाठी घेऊन इंदूरकडे निघाले होते. त्या रात्री बिजासन घाटात उलटलेल्या एका ट्रकचा व्हिडिओ गावातल्या ग्रुपवर आला. मुलाने तो आईच्या मोबाईलवर पाहिला. ट्रकचा रंग तोच. वडिलांचा फोन बंद. जवळजवळ सहा तासांनी वडिलांनी फोन केला, चार्जिंग संपलं होतं, बाकी काही नाही. मोठ्यांच्या लेखी प्रकरण तिथेच मिटलं.

मुलाने त्यानंतर सगळा रस्ता पाठ केला होता. पळासनेर, घाट, सेंधवा, जुलवानिया, खलघाटचा नर्मदेचा पूल, मानपूर, इंदूर. कुठे किती वाजता पोचायला हवं, घाटात रेंज कुठे जाते, सगळं तोंडावर. "माले भ्याव नही लागत," तो म्हणाला, "पण पप्पाना फोन नही लागना ते पोटमा मुरडा येस."

शाळेत फोन नेता येत नाही. म्हणजे सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत रस्त्यावर काय झालं हे कळायची सोय नाही. तो शाळा टाळत नव्हता, तो फोनजवळ राहत होता. दुपारी गल्लीत सायकल फिरवतानाही आईचा मोबाईल त्याच्या खिशात असायचा. बाईंना सायकल दिसली, खिसा दिसला नाही.

आई भिंतीवरच्या कालनिर्णयवर ट्रक निघाल्याची तारीख लिहून ठेवते, भत्त्याचा हिशेब लागतो म्हणून. मी ते पान हजेरीपटाशेजारी ठेवलं. 14 पैकी 12 गैरहजेऱ्या ट्रक बाहेर असलेल्या दिवसांच्या होत्या. हे पाहायला चाचणी लागत नव्हती, पण 32 च्या आतली रचना दिसली नसती तर मी कालनिर्णयकडे पाहिलंच नसतं.

निदान मी केलं नाही, तो माझा अधिकार नाही. धुळ्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मुलाशी आणि आई-वडिलांशी स्वतंत्र बोलून विभक्तता-चिंता विकार, म्हणजे जवळच्या माणसांपासून दूर होण्याच्या भीतीचा विकार, म्हटलं. मुलांमध्ये त्यासाठी लक्षणं किमान चार आठवडे असावी लागतात, याची मार्चपासून होती. औषध त्यांनी दिलं नाही.

पुढचं काम

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हा खानदेशी माणूस कुठेही असला तरी घर गाठतो. वडीलही आले. रोटांच्या गडबडीत तासभर मिळाला. त्यांना आधी वाटलं, पोरगं आळशी निघालं. कालनिर्णयचं पान दाखवल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आम्ही ठरवलं ते असं. आतापर्यंत मुलगा दिवसातून पंधरा-वीस वेळा फोन करायचा आणि प्रत्येक वेळी 'मी बरा आहे' ऐकून दहा मिनिटं शांत व्हायचा. त्या दहा मिनिटांनीच पुढच्या फोनची गरज वाढत होती. आता फोन दोनच: सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला, वडिलांनी करायचा. मध्ये त्याने करायचा नाही, आईनेही लावून द्यायचा नाही. शाळा एकदम पूर्ण नाही. पहिल्या आठवड्यात परिपाठ आणि दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण. मोबाईल घरीच. पोट दुखलं तर बाईंना सांगून वर्गातच बसून राहायचं आणि दुखणं दहापैकी किती हे वहीच्या मागे लिहायचं, दर पंधरा मिनिटांनी. पहिल्या दिवशीचे आकडे होते 9, 9, 7, 6, 4. ते त्याने स्वतः पाहिले. कोणाचाही फोन न येता पोट थांबलं होतं.

अडलं ते मनातले विचार लिहिण्यापाशी. तो लिहीचना, तेच तथास्तुचं भय. मी काही समजूत घालायच्या आधी आजीच बोलली, "वास्तू बोलेल आयकस, लिखेल वाचत नही." त्या वाक्यानंतर तो लिहायला लागला. मला हे सुचलं नसतं, आणि माझ्या तोंडून पटलंही नसतं.

बाईंनी मनापासून साथ दिली. नाटक हा शब्द त्यांनी माझ्यासमोर परत काढला नाही आणि पोरासमोर तर नाहीच. पोट दुखतंय म्हणाला की त्या फक्त विचारायच्या, "किती?"

दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा स्केअर्ड घेतली, तशीच तोंडी, कडुलिंबाखाली, कानबाईपासूनचं विचारून. बेरीज 19. शारीरिक लक्षणं 6, शाळा टाळणं 2, सर्वसाधारण चिंता 3, चारचौघांतली 3. दूर होण्याची भीती मात्र 5, अजून सीमारेषेवरच. या घसरणीवर मी फार विसंबत नाही. चिंतेच्या प्रश्नावल्या दुसऱ्यांदा भरल्या की काही न करताही गुण थोडे उतरतात, हे अनेकदा दिसून आलं आहे. म्हणून शेजारी हजेरी ठेवली: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गैरहजेरी 3 दिवस, त्यातले दोन तापाचे. आईचा कागद 34 वरून 21 वर आला.

एकतिसाव्याला त्याने एक बोट वर केलं. मी विचारलं, कधी येतो तो विचार? म्हणाला, घाट लागायच्या वेळेला.

मामाच्या गावी मुक्कामाला जायला तो अजून तयार नाही. सहामाहीनंतर त्यावर काम सुरू करायचं ठरलं आहे, पहिली रात्र आजीसोबत. वर्गाची चाचणी आता मी सहा-सहा मुलांच्या गटात घेते, नावाऐवजी चिठ्ठीवरचा क्रमांक, बाई बाहेर, 'काळजी'च्या जागी 'टेन्शन येतं' किंवा 'भीती वाटते'. शब्द बदलल्यावर मूळ सीमारेषा जशाच्या तशा लागू होतात असं मी धरत नाही. त्यामुळे बेरीज करायच्या आधी प्रत्येक कागद उजेडासमोर धरून पाहते.